गळती सापडू नये म्हणून

मारेन हालवर्सनने पिंप गाडीत पुढच्या सीटवर बसवलं होतं आणि त्याला पट्टाही लावला होता.

बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानासमोर गाडी थांबली. खांद्यावर बार्लीची गोणी घेतलेला एक उंच माणूस वाकला, काचेतून आत बघून म्हणाला, "बाळ किती महिन्यांचं?"

"पाच आठवड्यांचं," मारेन म्हणाली. "आणि आजारी आहे."

"अरेरे! काय होतंय?"

"रात्रभर फुसफुसतं. सकाळी बघावं तर अंगात जीव नाही."

"खायला काय घालता?"

"मध. माझ्या मामाच्या पोळ्यांमधला."

"मग नशीबवान आहे," असं म्हणून त्याने गोणी खाली ठेवली, न विचारता पट्टा सोडला, पिंप छातीशी धरलं आणि दुकानाचं दार खांद्याने ढकललं. मारेन त्याच्या मागोमाग गेली. परक्या माणसाचं बाळ असं कुणी उचलतं का, असं तिच्या मनात आलं. पण पिंप जड होतं, बाहेर सरोवरावरून बारीक पाऊस यायला लागला होता, आणि त्या माणसाचे कान जरा मोठेच होते. हे शेवटचं तिला का जाणवलं, कोण जाणे!

व्हिटलॉक गावात तळघरात बिअर करणाऱ्यांना कुणी वेडं म्हणत नाही. न करणाऱ्यांकडे मात्र जरा निरखून बघतात. ज्याच्या त्याच्या घरी ही पिंपं असतात – स्टीलची, गुडघ्याच्या थोडी वर येणारी, कळशीच्या घेराची. वर लांबट झाकण, झाकणाला कुकरसारखी रबरी रिंग, आणि बाजूला दोन तोंडं. एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून बिअर बाहेर येते. गॅस आत दबून राहिला तर बिअरला फेस आणि बुडबुडे. तो निसटला, तर उरतं ते कडवट गोड पाणी. म्हणजे सगळा खेळ चार रबरी रिंगांवर चाललेला असतो, आणि रबर कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

दुकानाचा मालक डेलबर्ट गल्ल्यामागून चष्म्यावरून बघत होता. "हे ओरिन पावलिकच्या हवाली कर," तो मारेनला म्हणाला. "बिअर करणाऱ्यांच्या क्लबातली निम्मी पिंपं त्यानेच बरी केलीत."

"हा ओरिन पावलिक कुठे भेटेल?"

डेलबर्टने पिंप छातीशी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे हनुवटी उडवली. तो माणूस लाजला. कान आधी लाल झाले, मग बाकीचा चेहरा.

"लग्न कधी आहे?" त्याने विचारलं.

मारेन दचकली. "कुणाचं?"

"पिंपावर चिकटपट्टी आहे ना... 'कारीचं लग्न, हात लावू नये'."

"शनिवारी. कारी माझी धाकटी बहीण."

"आज सोमवार. घाई आहे तर."

घाई नुसती नव्हती. हालवर्सनांच्या घरात मारेनचं नाव निघालं की मागोमाग एक वाक्य यायचं – तिचं काही तडीला जात नाही. नर्सिंगचं शिक्षण दीड वर्षात सोडलं. व्हायोलिन माळ्यावर गेलं. डेव्हिन नावाच्या मुलाशी ठरलेलं लग्न पत्रिका छापून झाल्यावर मोडलं. आता ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची, आणि आई, म्हणजे लॉर्नाबाई, ते 'सध्या' या शब्दानेच सांगायच्या. सध्या दात साफ करते. कारीने हट्ट धरला की माझ्या लग्नात ताईचीच बिअर हवी, तेव्हा आईने मान डोलावली, आणि त्याच दुपारी दुकानातल्या बिअरचे खोकेही सांगून ठेवले. "असू दे गं हाताशी," एवढंच म्हणाली. ते 'असू दे' मारेनला पाच आठवडे टोचत होतं. एकदा, एकदाच, आपण सुरू केलेली गोष्ट आपल्या हाताने ताटापर्यंत न्यायची, एवढंच तिला हवं होतं.

"उद्या संध्याकाळी येऊ का?" ओरिनने विचारलं. "पिंपं जागेवरच बघितलेली बरी."

"पैसे किती घेता?"

डेलबर्ट मोठ्याने खोकला. ओरिनचा चेहरा पडला, जणू ती त्याच्या आईबद्दल काही वाईट बोलली होती.

"एक ग्लास," तो म्हणाला. "ज्या पिंपाची दुरुस्ती, त्याच पिंपातला."

"त्यातली मेलीय, सांगितलं ना."

"मग मेलेली पिऊ."

*

मंगळवारी तो आला तेव्हा केस ओले होते आणि हातात माशांच्या आमिषाचा जुना डबा होता. डब्यात मासे धरायचं काही नव्हतं. जाड्या, बारीक, चपट्या रबरी रिंगा, आणि त्यांना लावायची चिकट मलमाची नळी, एवढंच.

तळघरात जुना फ्रीज होता, फ्रीजमध्ये दोन पिंपं, आणि बाहेर भिंतीला टेकून गॅसची बाटली. एकाच बाटलीतून दोन्हीकडे नळ्या गेल्या होत्या. मारेनने साबणाच्या पाण्याची फवारणी हातात घेतली.

"मी मारते, तुम्ही बघा," ती म्हणाली. "बुडबुडा दिसला की ओरडा."

"मी ओरडत नाही. शाळेत बँड शिकवतो, दिवसभर तेच होतं."

"बँड? कुठलं वाद्य?"

"सगळीच. साठ पोरं एकदम वाजवतात, आणि त्यातला कुठला ट्रम्पेट घसरला ते मला पाठ फिरवूनही कळतं." हे त्याने फुशारकीने सांगितलं. नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, पण त्याला दोन दिवस अवकाश होता.

मारेनने झाकणाच्या कडेने फवारलं. दोन्ही तोंडांवर फवारलं. काही नाही. ओरिन गॅसच्या बाटलीला हात टेकून उभा होता आणि मान जराशी तिरकी करून ऐकत होता. एकदम त्याने मान सरळ केली.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही... झाकणाची रिंग बदलून बघू."

त्याने झाकण काढलं, जुनी रिंग सोलून काढली, नवीला मलम चोळलं. त्याची बोटं लांब होती आणि काम निवांत. मारेन दवाखान्यात दिवसभर माणसांची तोंडं बघायची, हात बघायची सवय तिला नव्हती. आज ती बघत बसली.

मग दोघांनी पायरीवर बसून मेलेली बिअर प्यायली.

"चव आहे," तो म्हणाला.

"खोटं."

"नाही. फेस नाही, खरं. पण मध मागून येतो... हळूच. आधी वाटतं संपलं, आणि मग येतो."

पाच आठवड्यांत कुणी तिच्या बिअरची चव विचारली नव्हती. सगळे विचारायचे, होईल ना गं वेळेवर?

बुधवारी सकाळी गॅसची बाटली पुन्हा रिकामी होती. तिने डेलबर्टकडून भरून आणली. संध्याकाळी ओरिन आला, आणि येताना शेजारच्या चीजच्या कारखान्यातून ताज्या चीजची पुडी घेऊन आला. दाताखाली करकरणारं, अजून कोमट.

"आज कुणाची पाळी?" तिने विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"दोन्ही तोंडांच्या रिंगा. आणि आत नळीखाली एक लहानशी असते, लोक तिला विसरतात."

"तू नाही विसरत वाटतं."

"मी माणसांची नावं विसरतो. रिंगा नाही."

"माझं नाव काय?"

"पाच आठवड्यांच्या बाळाची आई."

तिने फवारणीचा एक फटकारा त्याच्या शर्टावर मारला. "बघू, तू कुठून गळतोस का!"

"गळतो," तो शर्ट झटकत म्हणाला. "पण हळूहळू. दिसत नाही."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण उद्याची गळतीही मनातल्या मनात गृहीत धरली आहे. म्हणजे उद्या हा येणारच. हे बरं नव्हे, तिने स्वतःला बजावलं. शनिवार तोंडावर आलाय. पण बजावून काय होतं? त्या संध्याकाळी तिने त्याला शनिवारी हॉलवर यायला सांगितलं, तोटीवर उभा राहा आणि ग्लास भरून दे, असं. तो हो म्हणाला, फार पटकन.

*

गुरुवारी बाटली परत रिकामी झाली.

ओरिन तळघरात उतरला तेव्हा मारेन खालच्या पायरीवर बसली होती. फोन मांडीवर होता. रडली नव्हती, पण रडायचं ठरवून बसल्यासारखी दिसत होती.

"आईला फोन करते," ती म्हणाली. "खोके आणायला सांगते. तिला काय, तयारच आहेत."

"थांब जरा."

"कशाला थांबू? सगळ्या रिंगा बदलल्या. एक उरलेली नाही. परवा लग्न आहे, ओरिन. सगळं गाव येणार. आणि आई काही बोलणार नाही, बघ तू. बोलली असती तर परवडलं असतं. ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवेल."

ओरिन उभाच होता. त्याचे कान लाल होत गेले.

"मारेन... गळती पिंपाला नाहीये."

"मग कशाला आहे?"

तो भिंतीजवळ गेला. बाटलीच्या मानेवर जिथे रेग्युलेटर बसतो, तो नट त्याने पान्याने सोडवला, आणि आतून एक चपटा वॉशर काढून तळहातावर ठेवला. तो एका बाजूने चिरलेला होता. मग त्याने खिशात हात घातला आणि नवा वॉशर काढला.

मारेनने नव्या वॉशरकडे बघितलं. मग खिशाकडे. मग त्याच्याकडे.

"हा खिशात कधीपासून आहे?"

त्याने चिरलेला वॉशर मुठीत मिटला.

"ओरिन. कधीपासून?"

"बुधवारपासून. कळलं होतं मंगळवारीच."

साठ पोरांतला एक ट्रम्पेट ज्याला पाठमोरं असताना ऐकू येतो, तो माणूस मंगळवारी या बाटलीला हात टेकून उभा होता. फुसफुस त्याच्या हाताखालीच चालली होती. मारेनला ते सगळं आता दिसलं, आणि तिचा संताप पायापासून डोक्यापर्यंत चढला.

"तीन दिवस!" ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या लग्नाची बिअर, आणि तू मूग गिळून बसलास? का?"

"सापडली असती तर येणं थांबलं असतं."

"आणि 'मी पुन्हा येऊ का' असं तोंडाने विचारता येत नव्हतं?"

"येत होतं," तो म्हणाला. "पण तू नाही म्हणाली असतीस तर?"

हे इतकं खरं होतं की तिला आणखीच राग आला. "चालता हो" असं तिच्या ओठावर होतं. पण बिअर मेलेली होती आणि परवा शनिवार होता. राग बाजूला ठेवून तिने हिशेब केला. मेलेली बिअर दोन दिवसांत जिवंत करायचा एकच मार्ग असतो – दाब भरपूर चढवायचा, थंड पिंप आडवं पाडायचं आणि लोळवायचं. गॅस मुकाट आत शिरतो. पण दोन पिंपं लोळवायला चार पाय लागतात.

"गाडीत भरलेली बाटली आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"आण. आधी हे निस्तर, मग जा."

त्याने आपली बाटली आणली, नवा वॉशर घातला, नट आवळला. दाबाचा काटा बारावर असायचा तो तिसावर चढवला. मारेनने साबणाचं पाणी मारलं आणि नाक बाटलीला टेकेपर्यंत वाकून बघितलं. एक बुडबुडा नाही. मग जुन्या सतरंजीवर दोघं समोरासमोर बसले, पाय पसरून, आणि तिने पहिलं पिंप पायाच्या तळव्याने ढकललं. ते गडगडत त्याच्याकडे गेलं. त्याने परत ढकललं.

पिंप तेवढं जात-येत होतं आणि आत गॅस खळखळत होता.

"डेव्हिनही असाच होता," शेवटी मारेन म्हणाली.

"कोण डेव्हिन?"

"होता एक. मोठं कधी खोटं बोलला नाही. लहान लहान बोलायचा. दूध आणलं म्हणायचा, आणलेलं नसायचं. आईला फोन केला म्हणायचा, केलेला नसायचा. मला सगळे म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी लग्न मोडतं का? मी मोडलं." तिने पिंप जोरात ढकललं. "मला खोटं चालत नाही. लहान तर मुळीच नाही. मोठं निदान दिसतं तरी."

पिंप त्याच्या पोटरीवर आदळलं. त्याने ते थांबवलं नाही, कळवळलाही नाही.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

"बरोबर आहे म्हणू नकोस! भांड माझ्याशी!"

"काय भांडू? मी चुकलो. तुझ्या जिवावर बेतलेलं आणि मी इथे पायरीवर बसून मजा करत होतो. ती मजा खरी होती, एवढंच सांगतो. त्यात काही खोटं नव्हतं."

दुसरं पिंप घेतलं. ते तर दोघांनी किती लोळवलं, देवाला ठाऊक. तो बोलला, ती बोलली, मग दोघंही एकदम बोलले. तिने त्याला शाळेतल्या पोरांबद्दल विचारलं, कशाला विचारलं तिला कळलं नाही. त्याने सांगितलं. ती हसली, आणि हसलो म्हणून तिला स्वतःचाच राग आला. एकदा पिंप मध्येच अडलं. दोघांनी एकदम हात पुढे केले. थंड पत्र्यावर तिची बोटं त्याच्या बोटांवर पडली आणि तिथेच राहिली. त्याने श्वास घेतला, काहीतरी बोलणार म्हणून...

"शनिवारी येऊ नकोस," मारेन म्हणाली, आणि उठून उभी राहिली.

त्याने मान हलवली. पिंपं फ्रीजमध्ये उभी केली, नळ्या जोडल्या, रिंगांचा डबा घेतला आणि जिना चढून गेला. बाटली तिथेच राहू दिली. मारेन तोंड फिरवून उभी होती. दार लागलं, तेव्हा ती वर धावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग मात्र रडली. आपण बरोबर वागलो, हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण तेवढ्याने रडू थांबत नव्हतं.

एक गोष्ट राहिली. लोळवून झालं की काटा तिसावरून पुन्हा बारावर आणायचा असतो. हे व्हिटलॉकमध्ये शाळकरी पोरालाही माहीत आहे. ती समजली त्याने आणला, तो समजला तिने आणला. आणि गळती तर आता बंद झाली होती. गॅसला बाहेर पडायला वाटच नव्हती.

*

शनिवारी सकाळी मारेनच्या केसांत अकरा चाप होते आणि अंगात करवलीचा हिरवट झगा. शुक्रवार सगळा कारीच्या लग्नविधीच्या तालमीत आणि नंतरच्या जेवणात गेला होता. चुलतभाऊ पिंपं न्यायला आले तेव्हा तिने तळघरात जाऊन झग्याचा घोळ सावरत नळ्या काढल्या, काट्याकडे बघितलंही नाही, आणि "हळू न्या रे!" म्हणून ओरडली. ते हळू कसले नेतायत! गाडीच्या मागच्या खिडकीतून दोन्ही पिंपं उड्या मारताना दिसली.

सरोवराकाठच्या हॉलमध्ये सगळं लागलं होतं. बटाट्याचं सॅलड, सॉसेज, सायीच्या केकची रांग. कोपऱ्यात बर्फाच्या टबांत दोन पिंपं. कारी आणि तिचा नवरा आत आले, टाळ्या झाल्या. वडील वारल्यापासून घरातलं पहिलं भाषण आईच करायची. लॉर्नाबाई ग्लास घ्यायला टेबलापाशी आल्या.

मारेनने तोटी दाबली.

फेस आला. फेसच आला. ग्लास भरला, उतू गेला, तिच्या मनगटावरून, झग्यावरून, चांगल्या बुटांवरून खाली. तिने दुसरा ग्लास धरला. फेस. दुसरं पिंप. फेस. मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी "श्शू" केलं.

आईने काही म्हटलं नाही. ती वाकली आणि टेबलावरची चादर हळूच उचलली. खाली खोके होते. दुकानातली बिअर, नीट रचून ठेवलेली.

"आई... तू आणलेस?"

"असू दे म्हणून गं," लॉर्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात मारेनच्या पाठीवर आला.

तेवढ्यात हॉलचं दार धाडकन उघडलं. आत आला तो लाल कोट, त्यावर सोन्याच्या दोऱ्या, खांद्यावर झुपके, आणि काखेत पिसाची टोपी. गावात सफरचंदाच्या जत्रेची मिरवणूक चालू होती, तिच्या पुढे शाळेचा बँड होता, आणि बँडचा मास्तर मिरवणूक अर्ध्यावर सोडून इथे उभा होता, धापा टाकत.

"काटा!" ओरिन दारातूनच ओरडला. "मारेन, काटा खाली केला होतास?"

"मी?" मारेन म्हणाली. "मला वाटलं तू..."

"बँडवाला आपण सांगितला होता का?" लॉर्नाबाईंनी कारीला विचारलं.

ओरिन लोकांतून वाट काढत आला. सगळं गाव बघत होतं. त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि लॉर्नाबाईंकडे वळला.

"बाई, बिअर चांगली आहे. मी चाखलीय. दाब मी चढवला आणि खाली करायचा विसरलो. गळती मला आधीच सापडली होती, तीही मी लपवली. मारेनचं यात काही चुकलेलं नाही. सगळी चूक माझी."

मारेनला तिथे थांबता आलं असतं. तिने केलं ते नीट केलं होतं, आणि नासवलं ते एका लाल कोटवाल्याने, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. तिच्या जन्मात पहिल्यांदाच बोट दुसऱ्याकडे होतं. आणि हा माणूस इतक्या लोकांत, एकही लहानसं खोटं न बोलता, पिसाची टोपी घेऊन उभा होता.

"नाही," ती म्हणाली. "नाही, आई. लपवलं ते त्याने, खरंय. पण काटा आम्ही दोघंही विसरलो. लोळवत होतो आम्ही दोघं, बोलत होतो आम्ही दोघं, आणि मला त्या वेळी काट्याची आठवण नव्हती. मला दुसऱ्या कशाचीच आठवण नव्हती."

कारीने तोंडावर हात धरला. तिचे डोळे हसत होते.

लॉर्नाबाई आपल्या थोरल्या लेकीकडे बघत राहिल्या. चिंब झगा, मनगटापर्यंत फेस, निसटलेले चाप. मग कोटवाल्याकडे. त्याचे कान कोटापेक्षा लाल झाले होते.

"नीट व्हायला किती वेळ लागेल?"

"पाऊण तास," दोघं एकदम म्हणाले.

आईच्या हातात अजून चादरीचं टोक होतं. तिने ते सोडलं. चादर खोक्यांवर पडली आणि तिने ती वरून सारखी केली.

"मंडळी, आधी जेवून घ्या!" ती मोठ्याने म्हणाली. "बिअरला वेळ आहे. तोवर कुणी दुसरं काही पिणार नाही."

मारेन आणि ओरिन टबाशी गुडघ्यावर बसले. झाकणावरची कडी ओढायची, फुस्स करून गॅस सोडायचा, थांबायचं. पुन्हा ओढायची. त्याच्या झुपक्यांना फेस लागला होता.

"पोरांना कुणाच्या हवाली केलंस?" तिने विचारलं.

"ढोलवालीच्या. ती माझ्यापेक्षा बरी नेते." कडी ओढली. फुस्स. "तू येऊ नको म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग जाऊ?"

"गप्प बस." कडी तिने ओढली. ती पिंपाकडेच बघत बोलली. "ओरिन, पुढे कधी काही सापडलं, वाईट, नको असलेलं, मी रडेन असं... तरी लगेच सांगायचं. त्याच संध्याकाळी."

"सांगेन."

"आणि यायचं असेल तर यायचं. कारण शोधायचं नाही."

"मारेन, मला रोज यायचंय," तो म्हणाला. "हे आत्ता सापडलं असं नाही. पण आत्ता सांगतोय."

तिने मान वर केली. इतक्या जवळून त्याचा चेहरा तिने कधी बघितला नव्हता. सगळ्या हॉलसमोर, बर्फाच्या टबावरून, तिने त्याचा लाल कोट गळ्याशी धरला आणि त्याचं चुंबन घेतलं. टेबलांवरून आरोळ्या उठल्या. कुणीतरी चमच्याने ग्लास वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले, खरं तर असं ग्लास वाजवून चुंबन मागतात ते नवरा-नवरीकडे.

पाऊण तासाने पहिला ग्लास भरला. खाली सोनेरी, वर दोन बोटं पांढरा फेस. लॉर्नाबाईंनी तो घेतला आणि एक घोट प्यायल्या, उभ्याउभ्याच. मग आणखी एक घोट. त्यांच्या ओठावर फेस राहिला, तो त्यांनी पुसला नाही.

त्यांनी ग्लास उंच धरला. कारीबद्दल बोलल्या, जावयाबद्दल बोलल्या, नवऱ्याच्या आठवणीने एकदा थांबल्या. लोक ग्लास ओठाला लावणार, तेवढ्यात त्यांनी दुसरा हात वर केला.

"आणि एक राहिलं," लॉर्नाबाई म्हणाल्या. "ही बिअर माझ्या मारेनने केलीय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिने."